एवढीशी

मागच्या महिन्यात सांगलीला एका लग्नाला गेले होते. अक्षता पडल्या, मठ्ठा-जिलबीची पंगत उठली. हात धुऊन रुमाल शोधत होते, तेवढ्यात समोरून एक आजी आल्या. क्षणभर माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि चेहरा एकदम उजळला. "अगोबाई, तू तर आपला ससा!" मग शेजारच्या बाईंना, ज्यांचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता, उजवा तळहात गुडघ्याच्या जेमतेम वर धरून दाखवला. "एवढीशी होती हो ही. एवढीशी!"

मी त्रेपन्न वर्षांची आहे. आजींचा हात ज्या उंचीवर थांबला होता, तिथल्या माझ्या दोन्ही गुडघ्यांना सध्या पट्टे असतात.

ससा प्रकरण असं, की बालवाडीच्या गॅदरिंगला मी ससा झाले होते. वाक्य एकच होतं. ते ऐन वेळी गेलं, आणि मी स्टेजवर भोकाड पसरून "आई, घरी चल" असं म्हटलं म्हणे. म्हणे अशासाठी, की मला यातलं काही आठवत नाही. आठवतं ते आमच्या कॉलनीला. त्यानंतर मी शाळा केली, कॉलेज केलं, तीस वर्षं नोकरी केली, एक घर बांधलं, दोन माणसं पोचवली. कॉलनीच्या लेखी मी ससा. आणि तो आडवा धरलेला हात तर काय, जितकी वर्षं जास्त तितका खाली जातो. अजून दहा वर्षांनी घोट्यापाशी येईल.

त्या रात्री लॉजवर झोप येईना तेव्हा मला फ्रेंच नटी ब्रिजित फोसे आठवली.

तिची माझी ओळख दोन हप्त्यांत झाली, तीही उलट्या क्रमाने. ब्याण्णव साली मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी फ्रेंच शिकत होते. शब्दांची शेवटची अक्षरं गिळायची, हे पहिले सहा महिने आम्हाला जमतच नव्हतं. मराठी माणसाला शब्द पुरता उच्चारायची सवय. ताटात टाकायचं नाही आणि तोंडातही ठेवायचं नाही. म्हणून कान तयार व्हावेत यासाठी बाईंनी एक दिवस व्हिडिओ कॅसेट आणली. 'ला बूम', १९८० सालचा सिनेमा. बूम म्हणजे शाळकरी मुलामुलींनी कुणाच्या तरी घरी जमून केलेली नाचगाण्याची पार्टी, हे बाईंनी आधीच सांगून टाकलं, नाहीतर आम्ही बॉम्बस्फोटाची वाट बघत बसलो असतो. त्यात तेरा वर्षांची सोफी मार्सो होती. पार्टीत सगळे दणक्यात नाचत असताना एक मुलगा मागून येऊन तिच्या कानांवर हेडफोन ठेवतो, आणि तिच्यापुरतं एकदम संथ गाणं सुरू होतं. वर्गातल्या सगळ्या मुलींनी तो प्रसंग दोनदा मागे घेऊन बघितला. बाईंनी व्याकरणासाठी थांबवलेल्या जागा वेगळ्याच होत्या.

तिच्या आईकडे कोण बघतंय? आई होती, उभट चेहऱ्याची, देखणी, सोनेरी केसांची. नवऱ्याचं दुसरीकडे काहीतरी चाललेलं आणि घरात एक वयात येणारी मुलगी, अशा दुहेरी कात्रीत सापडलेली. चांगलं काम करत होती, पण वीस वर्षांच्या मुलींना सिनेमातल्या आया दिसत नाहीत.

पुढच्या वर्षी लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात 'फॉरबिडन गेम्स' लागला. रने क्लेमांचा, १९५२ सालचा, कृष्णधवल. मैत्रीण म्हणाली चल, गेले. पहिल्या दहा मिनिटांतच आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो होतो.

जून १९४०. जर्मन सैन्य पॅरिसकडे येतंय आणि लोक गाड्या, हातगाड्या, गाद्या, भांडीकुंडी घेऊन दक्षिणेकडे निघालेत. पुलावर विमानं गोळ्यांचा पाऊस पाडतात. पाच वर्षांच्या पोलेतचं कुत्र्याचं पिल्लू हातातून सुटून पळतं, त्याच्यामागे ती, तिच्यामागे आईबाप. विमान परत येतं. ते गेल्यावर आईबाप उठत नाहीत. पोलेत आईच्या गालाला हात लावते. मग तोच हात स्वतःच्या गालाला लावून बघते. बस, इतकंच. रडत नाही, हाका मारत नाही. दोन गालांत काहीतरी फरक आहे, एवढं तिला कळलेलं असतं. तो फरक काय, हे विचारायला कुणी नसतं.

पुढे ती मेलेलं पिल्लू कवटाळून भटकत एका शेतकऱ्याच्या घरी पोचते आणि तिथला मिशेल नावाचा मुलगा तिचा सखा होतो. पिल्लाला एकटं वाटू नये म्हणून त्याच्या शेजारी आणखी प्राणी पुरायचे, प्रत्येकावर क्रूस हवा, म्हणून मिशेल गावच्या स्मशानातले क्रूस चोरतो. मोडक्या गिरणीत दोघांची एक स्मशानभूमी तयार होते. आमच्याकडे भातुकलीतल्या बाहुलीचं लग्न लावतात. त्या पोरांनी जे आजूबाजूला पाहिलं, त्याची भातुकली मांडली. शेवटी पोलेतला अनाथांच्या छावणीत न्यायला पोलीस येतात. रेल्वे स्टेशनच्या गर्दीत तिच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून एक जोगीण तिला बसवून जाते. गर्दीत कुणीतरी कुणालातरी "मिशेल" अशी हाक मारतं आणि ती उठते. मिशेल, मिशेल म्हणत, मधेच आई आई म्हणत, मोठ्यांच्या कोटांमध्ये दिसेनाशी होते.

ती पोलेत म्हणजे ब्रिजित फोसे. उत्तर फ्रान्समध्ये, बेल्जियमच्या सरहद्दीलगत तूरक्वँ नावाचं गाव आहे, तिथला १९४६ सालचा जन्म. म्हणजे जी लढाई तिने पडद्यावर भोगली, ती संपल्यावर जन्मलेली. सिनेमाला व्हेनिसला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ऑस्कर मिळालं, आणि ही मुलगी जगभर पोचली. साडेपाच-सहा वर्षांच्या वयात.

मला या बाबतीत नेहमी एक प्रश्न पडतो. एवढ्याशा पोरीने जे केलं, त्याला अभिनय म्हणायचं का? १९९६ साली व्हेनिसच्या परीक्षकांनी व्हिक्टुआर तिव्हिझोल या चित्रीकरणाच्या वेळी चार वर्षांच्या असलेल्या मुलीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. सिनेमा 'पोनेत', त्यातलीही मुलगी आई गेलेली. तेव्हा बरीच वादावादी झाली. ती खरंच करतेय की तिच्याकडून काढून घेतलंय? मी त्या वादात पडत नाही, कारण स्टेजवर रडणं हाच निकष धरला तर बालवाडीतलं एक पदक माझंही थकलेलं आहे. पण तो गालाला लावलेला हात मात्र रडण्यापलीकडचा आहे. तो दिग्दर्शकाने सांगितला असेल, शंभरदा घोटून घेतला असेल. तरी हात पाच वर्षांचाच होता, आणि स्वतःचा गाल चाचपताना डोळ्यांत जे येतं, ते सांगून येत नाही.

असो. मुद्दा पुढचा आहे.

मिशेल झालेला झॉर्झ पुझुली तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. मुलगे झरझर वाढतात. सहा वर्षांत तो लुई मालच्या सिनेमात चामडी जाकीट घालून दुसऱ्याची मोटार पळवत होता. पुढे त्याने डबिंगमध्ये नाव कमावलं. म्हणजे आवाज उरला, चेहरा गेला. ब्रिजितचं उलटं झालं. तिचा चेहरा जगाने पाच वर्षांचा करून ठेवून दिला. आईवडिलांनी एक शहाणपणा केला, तिला सिनेमातून काढून शाळेत घातलं. मधे जीन केलीच्या एका सिनेमात ती चमकली, तेवढंच. वीस वर्षांची झाली तेव्हा परतली, १९६७ साली, 'ल ग्राँ मोल्न' या कादंबरीवरच्या सिनेमात.

आता भूमिका बघा काय मिळाली. इव्होन द गाले. रानात वाट चुकलेला एक मुलगा एका वाड्यावरच्या समारंभात जिला एकदाच पाहतो, मग तो वाडाच त्याला सापडत नाही, आणि त्या एका दर्शनावर पोराची वर्षं जातात, ती ही मुलगी. ज्या बाईला सगळं जग एका जुन्या चित्रावरून शोधत होतं, तिला पुनरागमनाला हीच भूमिका यावी! फ्रान्समध्ये ती कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलीय, तेव्हा निवड करणाऱ्यांनी काही विचार केला असेल. मला मात्र यात नशिबाचा खवचटपणाच जास्त दिसतो.

तिने तो फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. पुढच्याच वर्षी आलँ दलाँ आणि चार्ल्स ब्रॉन्सनबरोबर चोरी-दरोड्याच्या सिनेमात आली. १९७४ साली बेर्त्राँ ब्लिएच्या 'ले व्हाल्सझ'मध्ये रेल्वेच्या डब्यात तान्ह्या बाळाला पाजणारी बाई झाली. तो प्रसंग फ्रान्समध्ये गाजला. मला तो आजही गंमतशीर वाटत नाही. दोन गुंड एका एकट्या बाईला कोंडीत पकडतात, यात हसायचं काय ते कळत नाही. पण पोलेतच्या गळ्यातली चिठ्ठी टराटरा फाडायची असेल, तर एवढंच काहीतरी करावं लागत असेल. मग १९७७ साली दिग्दर्शक त्र्युफोच्या सिनेमात ती प्रकाशनसंस्थेतली संपादक झाली. बायांमागे धावण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं हस्तलिखित बाकीचे नाकारतात आणि ही एकटी ते उचलून धरते. माझी ही सगळ्यात आवडती. दुसऱ्याची गोष्ट शांतपणे वाचणारी, चष्म्याआडून नव्हे तर समोरासमोर बघणारी. पाच वर्षांचं काहीही तिच्यात शिल्लक नाही. आणि असलंच तर ते बघणं.

आणि मग 'ला बूम'.

हे दोन्ही चेहरे एकच, हे मला त्या लॉजच्या खोलीत, म्हणजे तीस-बत्तीस वर्षांनी कळलं. मोबाइलवर नाव टाकलं, भूमिकांची यादी उलगडली आणि मी अंथरुणात उठून बसले. जिच्या आईबापांना पुलावर गोळ्या लागल्या, तीच मोठी होऊन सोफी मार्सोची आई झाली होती! चौतीस वर्षांची माजी बालतारका, आणि तिच्या समोर तेरा वर्षांची नवी, जिला हा सिनेमा रातोरात घराघरांत नेणार होता. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात दोघी काय बोलत असतील? कदाचित जेवणाबद्दल. पण मोठीने धाकटीकडे एकदा तरी नीट बघितलं असेल, असं मला वाटतं. पुढे काय येणार, हे त्या सेटवर तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

सोफीने मात्र वेगळा रस्ता धरला. ती पडद्यावरून गेलीच नाही. दोन वर्षांनी 'ला बूम २', मग एकामागून एक, पुढे मेल गिब्सनच्या सिनेमातली राजकन्या, जेम्स बाँडच्या सिनेमातली खलनायिका. रोज भेटणाऱ्या मुलीची उंची कुणी मोजत नाही. आमच्या गल्लीतच राहिलेल्या मुलींना कोणी हात आडवा धरून दाखवत नाही, असं आता लक्षात येतं. तो मान बाहेरगावी गेलेल्यांचा.

यादीतली आणखी एक नोंद बघून तर मी हसले. 'सिनेमा पॅराडिसो', १९८८. आमच्या पिढीने हा सिनेमा डोळे पुसत पाहिलाय. सिसिलीतला प्रोजेक्टरवेडा मुलगा, त्याची तरुणपणीची प्रेयसी एलेना, ताटातूट, आणि शेवटी कापून ठेवलेल्या चुंबनांची रीळ. त्यात ब्रिजित फोसे? कुठे? मला तर एक फ्रेम आठवेना. आठवणार कशी! जगभर फिरलेल्या, ऑस्कर मिळवलेल्या छोट्या आवृत्तीत ती नाहीच. लांब आवृत्ती २००२ साली सगळीकडे पोचली, तिच्यात आहे. नायक तीस वर्षांनी गावी येतो, त्याला रस्त्यात हुबेहूब एलेना दिसते, तेच वय, तोच चेहरा. ती निघते एलेनाची मुलगी. खरी एलेना घरी असते, मध्यमवयीन, संसारी. ती ब्रिजित. रात्री समुद्राकाठी गाडीत बसून दोघं बोलतात.

सिनेमा लांबला म्हणून कात्री लागली, आणि कात्रीला नेमकी मोठी झालेली बाई सापडली. तरुण एलेना राहिली. खरं सांगायचं तर छोटा सिनेमा जास्त बांधेसूद आहे, मलाही तोच आवडतो. म्हणजे तिला कापणाऱ्यांत मीही आलेच.

लग्नाहून परतल्यावर चार दिवसांनी सांगलीच्या आजींच्या नातवाने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आजीने अल्बममधून शोधून काढलाय." बालवाडीचं गॅदरिंग. मागे चुरगळलेला निळा पडदा, एक फूल झालेली मुलगी, एक सूर्य. डावीकडे मी. पुठ्ठ्याचा एक कान मोडून डोळ्यावर आलेला. मी चष्मा लावून, फोटो मोठा करून, नीट बघितलं. ससा रडतबिडत नव्हता. प्रॉपर्टी म्हणून हातात दिलेलं गाजर त्याने अर्धं संपवलं होतं, आणि गाल भरलेले असल्यामुळे त्याला बोलता येत नसावं.