वाऱ्याची वाट

शनिवारी दुपारी जेवणे आटोपून पुस्तक घेऊन घर तापवणाऱ्या पेलेट स्टोव्हपुढे बसले, तेव्हा जाळ आळसावलेला दिसला. एरवी आखूड, पिवळाधमक आणि चपळ असणारा जाळ लांबट, नारिंगी होऊन झोके घेत होता आणि दाराच्या काचेच्या कोपऱ्यांतून काजळी वर चढत होती. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या जानेवारीत बाहेर उणे १५ असताना चालता स्टोव्ह बंद करणे जिवावर येते. पण पेलेट स्टोव्हचा जाळ असा सुस्तावला की त्याचा श्वास कोंडला आहे, हे आता मला ठाऊक झाले आहे. बटण दाबून तो बंद केला. मग दोन तास काही करता येत नाही. पूर्ण निवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा नियम घरात मीच घातला आहे आणि तो मोडण्याची घाईही सर्वांत जास्त मलाच होते.

पेलेट म्हणजे तरी काय, लाकडाचा भुसा. तो प्रचंड दाबाखाली साच्यातून काढला की तापून लाकडातलेच लिग्निन मऊ होते आणि वेगळा डिंक न घालता ६ मिलिमीटर जाडीच्या, जाड शेवेच्या तुकड्यांसारख्या कांड्या तयार होतात. सुमारे १८ किलोंचे एक पोते, अशी ५० पोती रचली की इथला एक टन. ओल लागली तर त्यांचा पुन्हा भुसा होतो.

भुसा म्हटले की मी चिपळूणच्या आमच्या मागच्या पडवीत जाऊन पोचते. आजीकडे पत्र्याच्या डब्याची भुशाची शेगडी होती आणि भुसा वखारीतून पोत्याने यायचा. डब्याच्या मधोमध रिकामी बाटली उभी करायची, बुडाजवळच्या भोकातून एक दांडके बाटलीला टेकेल असे आडवे सरकवायचे आणि भोवती मूठमूठ भुसा घालून तो वरवंट्याने ठेचायचा. बाटली धरण्याचे काम माझे. ती जरा हलली तर आजी वरवंटा थांबवून माझ्याकडे नुसती बघायची. डबा भरला की बाटली हलके पिळत वर ओढायची, दांडके काढायचे, आणि आत गुळगुळीत बोगदा तयार व्हायचा. खालून पेटता कागद सरकवला की जाळ त्या बोगद्यातून वर यायचा आणि भुसा आतून बाहेर असा तासन्‌तास जळत राहायचा. एकदा मी भुसा सैल भरला. भाताचे आधण चढले आणि बोगदा आतल्या आत ढासळला. पडवीभर असा धूर झाला की गोठ्यातली म्हैससुद्धा ओरडू लागली. आजी रागावली नाही. डोळे पुसत एवढेच म्हणाली, "वाऱ्याला वाट ठेव गो, पुढचं तो बघतो."

१९८०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या जेरी व्हिटफिल्ड नावाच्या, बोइंगमध्ये काम केलेल्या अभियंत्याने घरगुती पेलेट स्टोव्ह आणला असे सांगतात. त्याने बाटली काढून टाकली आणि तिच्या जागी पंखा बसवला. कांड्या मळसूत्रावरून एकेक करून लोखंडी वाटीत पडतात आणि वाटीच्या बुडाच्या भोकांतून पंखा हवा ओढतो. म्हणजे सारी मदार पुन्हा भोकांवरच.

चार वाजता दार उघडले, तर ती भोके खंगराने बुजलेली. राखेतले क्षार आणि वाळू वितळून गोठले की वीटभट्टीतल्यासारखा खंगर धरतो आणि तो खरवडणीने उचकटावा लागतो. उचकटला की 'टक्' असा आवाज करून तो सबंध निघतो, आणि त्या आवाजासाठी मी हे काम दुसऱ्या कोणाला देत नाही. मग वरच्या नळ्यांवरची राख झाडायची, राखेचा खण रिकामा करायचा, दाराच्या कडेने हवा अडवणाऱ्या दोरीत डॉलरची नोट अडकवून ओढून बघायची. सहज निघाली तर दोरी बदलायची वेळ झाली. आमच्या घरच्यांनी पहिल्या वर्षी घरातल्या नेहमीच्या व्हॅक्यूमने राख ओढली होती. ती पिठाहून बारीक राख यंत्राच्या मागच्या बाजूने बाहेर पडली आणि सोफ्यापासून देवघरापर्यंत सगळे भस्म लावून बसले. आता राखेसाठी वेगळे, धातूच्या टाकीचे यंत्र आहे, आणि ओढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, अंगणात, भिंतीपासून दूर. राखेत निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो, हे मात्र मला कोणी शिकवावे लागले नाही.

काच पुसायला बाजारात फवारे मिळतात. मी ओला कागद राखेत बुडवून घासते. थोडी राख बाजूला काढून ठेवते आणि चिंचेबरोबर समईला लावते. शेजारीण उरलेली तिच्या ब्लूबेरीच्या झुडपांना घालू का म्हणून विचारते, तेव्हा नको म्हणून सांगावे लागते, कारण त्यांना आंबट माती लागते आणि राख तिचा आंबटपणा मारते.

साडेपाचला सगळे जागच्या जागी बसवून बटण दाबले. कांड्या टपटप पडल्या, धुराची गिरकी उठली आणि पाचेक मिनिटांत आखूड, पिवळा, खळखळता जाळ लागला. काच अशी की नसल्यासारखी. मी पुस्तक उघडले, पाय पसरले, आणि लक्षात आले की खरवडणी राखेच्या खणातच राहिली आहे. आता ती काढायची म्हणजे पुन्हा दोन तास.

राहू दे तिथेच, पुढच्या शनिवारपर्यंत.