गॅरेजचा गॅस हीटर: छत झालं, हीटर ठरला, भिंतीचं भोक बाकी

गॅरेज २० बाय १२ फुटांचं, उंची १० फूट. ९ इंची विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढे ८ बाय ८ चं शटर. आत छोटा लेथ, सुतारकामाचा ओटा आणि जुन्या मोटरसायकलींचं काम. स्वयंपाकघरात पाइपचा गॅस असल्यामुळे हीटर त्याच गॅसवरचा घ्यायचा, एवढं सुरुवातीलाच ठरलं होतं.

खान्देशात हीटर कशाला, हा प्रश्न मे महिन्यात रास्तच वाटतो. पण धुळे-जळगावचा पारा डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे १० अंशांच्या खाली उतरतो. रावेर-यावलकडच्या केळीला चरका बसतो तो याच थंडीत. पत्र्याखालच्या गॅरेजात तेव्हा लेथचं तेल घट्ट होतं, लाकडाचा पांढरा गोंद सुकल्यावर पिठूळ पडतो आणि बहुतेक इपॉक्सी प्रायमर घट्ट व्हायला मागत नाहीत. या कामांना आत १८ अंश पुरतात. बाहेर ८ धरले तर फरक १० अंशांचा. पुढचा सगळा हिशोब याच फरकावर आहे.

आधी छत

उष्णता कुठून जाते ते मांडून पाहिलं. भिंतींतून साधारण ११२० वॅट. पत्र्यातून १५५०. शटरच्या पत्र्यातून ३६०. फटींतून तासाला दोनदा हवा बदलते असं धरलं, तर त्यात ४५०. बेरीज साडेतीन किलोवॅटच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मी गळती एकट्या छताची.

म्हणून हीटरच्या आधी छताला हात घातला. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) फ्रेमवर साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड आणि त्यावर ५० मिलिमीटर रॉकवुल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. छताची गळती १५५० वरून दीडशेच्या आत आली. शटरच्या बाजूंना ब्रश-पट्टी आणि खाली रबर लावल्यावर फटींचे ४५० निम्मे झाले. आता एकूण सुमारे १८५० वॅट. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण जिथे ज्योत, थिनर आणि वेल्डिंगच्या ठिणग्या एकत्र असतात तिथे तो छतात नकोच. तो पेटतो आणि वितळून खाली ठिबकतो. शिवाय हेच रॉकवुल एप्रिल-मेमध्ये पत्र्याची धग अडवतं. हीटर वर्षातले सहा-आठ आठवडे चालणार, छत बाराही महिने उपयोगी, त्यामुळे पहिला पैसा इथेच जायला हवा.

आकडा कसा काढला

१८५० वॅट लागतात ते तापलेलं गॅरेज तसंच टिकवायला. पहाटे गारठलेल्या विटा तापवायच्या तर दुप्पट धरावे, म्हणजे ३.७ किलोवॅट. चिमणीतून जाणारं वजा करून भिंतीवरच्या साध्या हीटरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर गॅस ५.३ किलोवॅटचा जळायला हवा. हीटरची ताकद बीटीयूत, म्हणजे उष्णतेच्या इंग्रजी मापात, सांगतात. एक किलोवॅट म्हणजे तासाला ३४१२ बीटीयू. म्हणून हीटर १८,००० बीटीयूचा. छत आणि फटींचं काम न करता हाच हिशोब ३४,००० वर जातो.

गॅरेज हीटर म्हणून परदेशी जाहिरातींत दिसतात ते बहुधा ३० ते ४५ हजार बीटीयूचे. ते बर्फाच्या मुलखासाठी आहेत. आपल्याकडे असा हीटर पाच मिनिटांत खोली तापवून बंद पडतो आणि थोड्या वेळानं परत पेटतो. चिमणीचा पाइप पुरता तापतच नाही, त्यात पाणी साचतं आणि तो आतून गंजतो. मोठा घ्यावा, कमी चालेल, हा तर्क इथे चालत नाही.

मीटरचीही बाजू पाहावी लागते. घरगुती जी १.६ मीटरमधून तासाला जास्तीत जास्त अडीच घनमीटर गॅस जातो. एका घनमीटरमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. सहा लिटरचा गॅस गीझर १.२ घनमीटर घेतो, शेगडीचे दोन्ही बर्नर मिळून अर्धा, आणि आपला हीटर ०.५३. बेरीज २.२३, म्हणजे मीटरमध्ये बसते. ३४,००० चा हीटर एकटाच १ घनमीटर घेतो आणि बेरीज २.७ होते. मग सकाळी कुणी आंघोळीला गेलं की दाब पडणार, ज्योत लहान होणार.

धूर आणि पाणी कुठे जाणार

या निवडीत सर्वांत महत्त्वाचं हेच. बिनचिमणीचा हीटर स्वस्त असतो, भोक पाडावं लागत नाही, सगळी उष्णता खोलीतच राहते. पण मिथेन जळताना पाणी तयार होतं, एका घनमीटर गॅसमागे साधारण दीड लिटर. बिनचिमणीचा हीटर ३.७ किलोवॅटवर चार तास चालवला की सव्वादोन लिटर पाणी वाफ होऊन खोलीत सुटतं. रात्री गॅरेज निवलं की ते सर्वांत थंड वस्तू शोधतं: लेथचा बेड, रंग काढून ठेवलेली पेट्रोल टाकी, रंध्याचं पातं. सकाळी लेथच्या बेडवर बोट फिरवलं तर ओल लागते आणि दोन दिवसांत तिथे नारिंगी ठिपके येतात. दोष तेलाचा समजून लोक तेल बदलत बसतात.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. तो वासानं कळत नाही. बिनचिमणीच्या चांगल्या हीटरमध्ये ऑक्सिजन सुमारे १८ टक्क्यांवर आला की गॅस तोडणारा सेन्सर असतो. पण तो ऑक्सिजन ओळखतो, मोनॉक्साइड नव्हे. बर्नर घाण होऊन पिवळा जळत असेल तर भरपूर ऑक्सिजनमध्येही विष तयार होतं. झोपायच्या खोलीत आणि बाथरूममध्ये असा हीटर कधीच लावू नये.

चिमणीचा पण हवा खोलीतूनच घेणारा प्रकारही गॅरेजला बसत नाही. एक्झॉस्ट पंखा लावला की तो चिमणीतला धूर उलटा आत ओढतो, आणि थिनरची वाफ थेट ज्योतीकडे जाते.

म्हणून ठरला तो बंद खोक्याचा हीटर. त्याचा पाइप दुहेरी असतो: बाहेरच्या नळीतून हवा आत, आतल्या नळीतून धूर बाहेर. ज्योतीचा खोलीतल्या हवेशी संबंधच नाही. त्यातही पायलट ज्योतीवर, म्हणजे सतत तेवत राहणाऱ्या छोट्या ज्योतीवर, चालणारा घेतला. ज्योतीत बसवलेली थर्मोपाइल ७५० मिलिव्होल्टच्या आसपास वीज तयार करते आणि तेवढ्यावर गॅस व्हॉल्व्ह उघडतो. वीज गेली तरी हीटर चालतो, आणि आपल्याकडे हा मोठाच फायदा. पंखेवाले अमेरिकन हीटर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असतात. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट जुळतात, पण ५० हर्ट्झवर मोटर हळू फिरते, हवा कमी पडते आणि बर्नर काजळी धरतो.

जेट आणि दाब

खरेदीच्या वेळी हीटरवरची पाटी वाचा. एलपीजीचा हीटर पाइप गॅसला तसाच जोडला तर ज्योत मरतुकडी लागते, कारण नैसर्गिक गॅसच्या जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचं) भोक व्यासानं साधारण १.४ पट मोठं लागतं. उलट केलं तर हातभर पिवळी ज्योत निघते. ड्रिलनं भोक वाढवू नका, कडा खरबरीत राहतात आणि धार तिरपी जाते. कंपनीचा जेट संच घ्या. त्यात रेग्युलेटरची स्प्रिंगही असते, तीही बदलावीच लागते.

घरगुती पाइप गॅसचा दाब २१ मिलिबार, एलपीजी रेग्युलेटरचा ३० च्या आसपास. मोजायला महागडं यंत्र नको. दीड मीटर पारदर्शक नळी फळीवर इंग्रजी यू आकारात ठोकायची, अर्धी पाण्यानं भरायची आणि एक टोक फिटरकडून हीटरच्या टेस्ट पॉइंटला (दाब मोजायच्या तोटीला) लावून घ्यायचं. दोन बाजूंच्या पाण्यात २१ सेंटिमीटरचा फरक दिसला पाहिजे. मग गीझर, शेगडी, हीटर सगळं एकदम चालू करायचं. फरक एखादा सेंटिमीटर कमी झाला तर ठीक. चार-पाचनं पडला तर पाइप बारीक आहे. पाइप वाढवण्याचं काम मात्र गॅस कंपनीच्या माणसाकडूनच. जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे आपण पाहायचे.

नैसर्गिक गॅस हवेहून हलका, म्हणून गळतीचा डिटेक्टर छताखाली ३० सेंटिमीटरच्या आत. पाइपलाइन नसलेल्या गावात एलपीजी वापराल तर तोच डिटेक्टर जमिनीलगत हवा, आणि गाडीखाली उतरायचा खड्डा असलेल्या गॅरेजात तर एलपीजी नकोच. मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, डोक्याच्या उंचीवर. पेट्रोलची वाफही खाली बसते, म्हणून ज्योत जमिनीपासून किमान १८ इंच वर ठेवायचा अमेरिकन नियम इथेही पाळला आहे. तोरणमाळला घर असेल तर हवा विरळ. उंचीच्या दर हजार फुटांमागे ताकद ४ टक्क्यांनी कमी धरा.

आता बाकी काय

उत्तरेच्या भिंतीला भोक. खिडकीपासून एक मीटर दूर, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. भिंत आणि पाइप यांच्यात धातूची बाही. तोंडावर कंपनीचीच जाळी. डासांची बारीक जाळी लावू नये, ती धुळीनं बंद होते.

हीटर दहा महिने बंद राहणार, तेव्हा खरी अडचण कीटकांची. कुंभारीण माशी पाइपच्या तोंडाशी मातीचं घर बांधते आणि कोळी बर्नरच्या नळीत जाळं विणतो. जाळ्यामुळे हवा नीट मिसळत नाही आणि ज्योतीची टोकं पिवळी पडतात. फेब्रुवारीअखेर पायलट बंद करून बाहेरच्या तोंडाला कापडी पिशवी आणि आत व्हॉल्व्हच्या मुठीला लाल चिठ्ठी बांधायची: ‘पिशवी काढल्याशिवाय पेटवू नये’. दिवाळीनंतर पिशवी काढायची, बर्नर मऊ ब्रशनं झाडायचा, जेट उजेडासमोर धरून भोक गोल दिसतं का पाहायचं, आणि मगच पायलट.