तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला रेकॉर्ड प्लेयर कुठला घ्यावा?

"घरात अ‍ॅम्प्लिफायर आहे, चांगले स्पीकर आहेत, आता रेकॉर्ड ऐकायच्या आहेत. पहिला प्लेयर कुठला घेऊ?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला बहुतेकदा एका मॉडेलचं नाव हवं असतं. नावं मी सांगतेच, पण त्याआधी दोन गोष्टी विचारते. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे 'फोनो' असं लिहिलेली जागा आहे का? आणि सुईचा भार, म्हणजे सुई रेकॉर्डवर किती दाबाने टेकते ते, स्वतःच्या हाताने लावायची तुमची तयारी आहे का? एवढं कळलं की निम्मी निवड झालेली असते.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्या प्लेयरमध्ये टोनआर्म आणि कार्ट्रिज बघावं, म्हणजे सुई धरणारा दांडा आणि सुईच्या हालचालीतून वीज तयार करणारी ती छोटी डबी. मोटर, प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरणारी तबकडी), लाकडाचा रंग हे सगळं त्यानंतर. रेकॉर्डला स्पर्श करतं ते फक्त सुईचं टोक. तुम्ही जे ऐकणार ते तिथून येणार, आणि रेकॉर्डची झीज व्हायची असेल तर तीही तिथेच होणार. प्लेयर उद्या बदलता येतो. आजोबांच्या कपाटातून आलेली एखादी रेकॉर्ड मात्र पुन्हा कुठे मिळेल याचा भरवसा नसतो.

हे नीट पटायला सुई रेकॉर्डवरच्या ज्या खाचेतून फिरते त्या खाचेत काय असतं ते बघायला हवं. एलपी, म्हणजे लाँग-प्लेइंग रेकॉर्ड, १९४८ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणली. मिनिटाला ३३⅓ फेरे आणि पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी बारीक खाच, म्हणून एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचं संगीत मावू लागलं. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड आणली. १९५८च्या सुमारास स्टीरिओ रेकॉर्ड घरोघरी पोचायला लागल्या. स्टीरिओ खाचेच्या दोन्ही भिंती ४५ अंशांत तिरप्या असतात, एका भिंतीवर डावा आवाज आणि दुसरीवर उजवा. सुई एकाच वेळी आडवी आणि उभी हलते, आणि त्या एकत्र हालचालीतून दोन वेगळे आवाज निघतात. मला आजही हे विलक्षण वाटतं. पण याचाच अर्थ असा की सुई थोडी जरी एका अंगाला कलली, तरी दोन्ही भिंतींवर तिची पकड सारखी राहत नाही.

आता त्या 'फोनो'चं. बारीक खाचेत खर्जाचा आवाज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद वळणं घेईल की बाजूच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरतानाच खर्ज कमी करतात आणि वरचे तीव्र स्वर वाढवतात. ऐकताना बरोबर उलट करायचं: खर्ज वाढवायचा, वरचा भाग उतरवायचा. वरचा भाग उतरवताना पृष्ठभागाची खरखरही उतरते, हा जोडीला मिळणारा फायदा. किती वाढवायचं, किती उतरवायचं, हे पूर्वी कंपनी-कंपनीगणिक वेगळं होतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग उद्योगाच्या संघटनेने, आरआयएएने, एकच वक्र ठरवला, म्हणजे कुठल्या स्वराला किती वाढ-घट याचा आलेख. तो अगदी तळाच्या आणि अगदी वरच्या टोकाला सुमारे २० डेसिबलचा फरक करतो. त्यात भर म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर छोटं चुंबक हलतं अशा) प्रकारच्या कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. सीडी प्लेयर त्याच्या शेकडो पट देतो. हे दोन्ही काम, वक्र सरळ करणं आणि सिग्नल मोठा करणं, फोनो प्रीअँप करतो.

तो तीन ठिकाणी असू शकतो: अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, प्लेयरमध्ये, किंवा मधल्या एका वेगळ्या छोट्या डब्यात. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला फोनोची जागा असेल तर प्लेयरमध्ये तो असण्याची गरज नाही, आणि तेवढे पैसे आर्मकडे वळवता येतात. नसेल तर पाठीमागे 'फोनो/लाइन' असं बटण असलेला प्लेयर घ्या, किंवा वेगळा डबा घ्या. कुठेच प्रीअँप नसेल तर आवाज अगदी क्षीण आणि चिरका येतो. दोन ठिकाणी चालू राहिला तर आवाज प्रचंड, जडावलेला आणि फाटलेला येतो. नवा प्लेयर 'बिघडलेला आहे' म्हणून परत करायला निघालेल्यांना मी आधी हे बटण बघायला सांगते.

झाकण बंद केलं की छोटी बॅग वाटते असे, आत स्पीकरही बसवलेले प्लेयर पुष्कळांना भुरळ घालतात. दिसतात सुंदर, लागतात झटकन. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते: घरात स्टीरिओ असेल तर हे घेऊ नका. यातल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते मोठा सिग्नल देतं खरं, पण त्याची सुई ताठ असते आणि ती खाचेत बसायला ५ ग्रॅमच्या आसपास भार लागतो. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचं काम दीड ते अडीच ग्रॅमांत होतं. शिवाय भार कमी-जास्त करायला आर्मच्या मागे वजनच नसतं, आणि स्पीकर त्याच खोक्यात असल्यामुळे त्यांची थरथर सुईपर्यंत पोचते. एकदा वाजवली की रेकॉर्ड बाद होते असं कुणी सांगत असेल तर ती अतिशयोक्ती आहे. पण आवडती रेकॉर्ड आपण पुन्हा पुन्हा लावतो, आणि झीज हळूहळू साचत जाते. ती भरून निघत नाही.

तर आर्ममध्ये काय बघायचं? मागच्या टोकाला फिरवता येणारं वजन, म्हणजे काउंटरवेट. आर्म बाहेरून आत सरकताना घर्षणामुळे सुई मध्याकडे ओढली जाते, ती ओढ तोलणारी अँटीस्केटिंगची सोय. काही आर्ममध्ये ही सोय कारखान्यातच बसवून दिलेली असते, तेही चालतं. बोटाने आर्म हलकेच पुढे-मागे ढकलून बघा. सांध्यात डगडग जाणवली तर तो प्लेयर तिथेच सोडा. आणि कार्ट्रिज दोन स्क्रूंनी बसणारं, प्रमाण मापाचं हवं. म्हणजे पुढे दुसरं लावता येतं. सुई वेगळी निघणारी असेल तर आणखी चांगलं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच डबीवर वेगवेगळ्या घडणीच्या सुया बसतात. ऑर्टोफोनच्या टूएम रेडच्या डबीवर टूएम ब्लूची सुई चढते. सुरुवात साध्या सुईने करायची आणि मन होईल तेव्हा फक्त सुई वरच्या दर्जाची घ्यायची, ही वाट मला पहिल्या प्लेयरसाठी सगळ्यात शहाणपणाची वाटते. मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलतं अशा) कार्ट्रिजच्या मागे आत्ताच लागू नका. त्यांचा सिग्नल आणखी बारीक, प्रीअँप वेगळा लागतो, आणि सुई झिजली की सहसा ती आपली आपण बदलता येत नाही.

पट्ट्याने फिरणारा घ्यावा की थेट मोटरवर फिरणारा, यावर लोक तावातावाने भांडतात. पट्टा मोटरची थरथर प्लॅटरपासून लांब ठेवतो. डायरेक्ट ड्राइव्ह पटकन वेग पकडतो, आणि पट्टा सैल पडण्याचा प्रश्नच नसतो. टेक्निक्सने पहिला डायरेक्ट ड्राइव्ह, एसपी-१०, १९७० मध्ये आणला आणि १९७२ मध्ये एसएल-१२००. तो मुळात घरी ऐकणाऱ्यांसाठीच होता, डीजेंनी तो नंतर आपलासा केला. दोन्ही प्रकारांत उत्तम प्लेयर आहेत, दोन्हींत टाकाऊही आहेत. पहिल्या खरेदीत यावर झोप घालवू नये.

आता नावं. अ‍ॅम्प्लिफायरला फोनो असेल, जुळवाजुळव कमी हवी असेल आणि फक्त ऐकायचं असेल, तर रेगाचा प्लॅनर १. त्यात ३३ वरून ४५ वर जायला प्लॅटर उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो. ४५च्या रेकॉर्ड भरपूर असतील तर याचा कंटाळा येईल, आणि मग प्रो-जेक्टचा डेब्यू कार्बन इव्हो बरा, कारण त्याचा वेग बटणावर बदलतो. फोनो नसेल, घरी ७८च्या जुन्या रेकॉर्डही असतील, पुढे कार्ट्रिज बदलून बघायची हौस असेल, तर ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स: आत बंद करता येणारा प्रीअँप, तिन्ही वेग, झटकन निघणारं हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा भाग). फक्त ७८च्या रेकॉर्डना एलपीची सुई लावू नका. त्यांची खाच खूप रुंद असते. एलपीच्या सुईचं गोल टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं, तर ७८ला ७० मायक्रॉनच्या आसपासचं लागतं. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. व्हीएम९५ मालिकेत ७८ची वेगळी सुई मिळते.

आणि ज्यांना भार-बिर लावायचाच नाही, त्यांना? त्याच कंपनीचा एलपी६०एक्स पूर्ण स्वयंचलित आहे. बटण दाबलं की आर्म जाऊन बसतो, बाजू संपली की परत येतो. भार ठरलेला, सुई बदलता येते, पण कार्ट्रिज बदलता येत नाही. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना रेकॉर्ड लावून डोळे मिटून पडायचं असतं, त्यांना मी तो मोकळ्या मनाने सुचवते. आर्म आपोआप उचलला जाण्याला कमी लेखणारे रसिक मला पटत नाहीत. संगीत ऐकलं जाणं महत्त्वाचं.

जुना प्लेयरही उत्तम मिळू शकतो, पण बघून घ्यावा. काउंटरवेट जागेवर आहे ना हे आधी पाहा, कारण ते पुष्कळदा हरवलेलं असतं. सुई कितीही चांगली दिसली तरी तिने किती तास काढलेत हे कळत नाही, तेव्हा नव्या सुईचे पैसे किमतीत धरूनच सौदा करा. पट्टाही नवा लागेल असंच धरा. आणि एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: मोटर विजेच्या ६० हर्ट्झवर चालणारी असेल आणि तुमच्याकडची वीज ५० हर्ट्झची असेल, तर असे अनेक जुने प्लेयर सहाव्या हिश्श्याने हळू फिरतात. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, वेग जुळत नाही. काहींना वेगळी पुली मिळते. ती मिळते का हे विकत घेण्याआधी शोधा.

घरी आणल्यावर एक संध्याकाळ जुळणीला द्या. प्लेयर पाणसळीने सपाट करा. अँटीस्केटिंग शून्यावर ठेवा, सुईला काही लागू न देता काउंटरवेट फिरवत आर्म हवेत आडवा तरंगू द्या, तिथे आकड्यांचं कडं शून्यावर आणा, मग कार्ट्रिज बनवणाऱ्याने सांगितला तेवढा भार लावा. टूएम रेडला १.८ ग्रॅम, व्हीएम९५ईला २ ग्रॅम. भार कमी लावला की रेकॉर्ड जपली जाते हा समज चुकीचा आहे. भार अपुरा असेल तर सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना जास्त इजा करते. मग सोबत मिळणाऱ्या कागदी मापावर कार्ट्रिजचा कोन बघा. रेकॉर्ड कोरणारं यंत्र सरळ रेषेत सरकतं, आपला आर्म मात्र एका खुंटीभोवती कमानीत फिरतो, त्यामुळे बहुतेक आर्म पूर्ण बाजूत फक्त दोन बिंदूंवर खाचेशी अचूक जुळतात. ते बिंदू योग्य जागी आणणं हेच त्या मापाचं काम. चूक राहिली तर ती शेवटच्या गाण्यात सगळ्यात जास्त ऐकू येते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने जाते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज कमी जागेत दाटलेला असतो, तिथे 'स' आणि 'श' फाटतात.

स्पीकर आणि प्लेयर एकाच टेबलावर नकोत. खर्जाची थरथर लाकडातून सुईत आणि सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये फिरत राहते. एकसारखी गुणगुण येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट लागली आहे का बघा.

यातून पैसे उरले तर कार्बन फायबरचा ब्रश घ्या आणि प्रत्येक बाजू लावण्याआधी एकदा फिरवा. सुईही मागून पुढे झाडायची, कधीही पुढून मागे नाही. रोज तासभर ऐकत असाल तर साधी लंबगोल टोकाची सुई वर्ष-दीड वर्षात बदलायला येते, तेव्हा बसवलेली तारीख प्लेयरच्या खाली चिकटवून ठेवा, आणि पुढची सुई आधीच आणून ठेवा.