घोडी घरी आणायची आहे? बिल्ला नंबर सांगा!

घोडी घरी आणायची तर जागा लागते, पाणी लागतं, चोवीस तासांचा माणूस लागतो, हे सगळेच सांगतात. तिच्या कानात बिल्ला लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे तो लागतच नाही. पण ही गोष्ट तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या खिडकीपलीकडच्या माणसाला पटेपर्यंत उन्हाळा संपत आला, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझी घोडी मारवाडी. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून घेतलेली आणि पुण्याजवळच्या एका रायडिंग क्लबात फुल लिव्हरीवर ठेवलेली. म्हणजे घोडी आपली, बाकी सगळं त्यांचं: ठाण (घोडीची बांधायची जागा), चारा, चंदी (दाण्याचा खुराक), खरारा (अंग घासणं), लीद काढणं, नालबंदाची पाळी लावणं. महिन्याला २२ हजार, नाल आणि औषधं वेगळी. शनिवारी-रविवारी गेलं की खोगीर चढवलेली घोडी हातात मिळायची आणि उतरलं की कुणीतरी लगाम घेऊन जायचं. काही वर्षं हे सुखाचं वाटलं. मग वाटायला लागलं, की तिला कधी खोकला झाला, ती कधी कमी जेवली, हे मला बिलावरूनच कळतंय. सासऱ्यांची जमीन पुणे जिल्ह्यातच आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे. तिथे न्यायचं ठरलं. शेड, कुंपण, हौद ही कामं झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ठाण मात्र बारा बाय बारा फुटांच्या खाली करू नका, घोडीला लोळून उठता आलं पाहिजे.

आता मुख्य दुखणं. घोडा गाडीतून न्यायचा तर तो प्रवासाला योग्य आहे असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांतच ते आहे. आमच्या गाडीवाल्याला त्याशिवाय ग्लँडर्सचा अहवालही हवा होता, आणि पुढेमागे घोडी परत आणली तर क्लबही त्याशिवाय आत घेणार नव्हता. दोघांचंही बरोबर आहे. ग्लँडर्स हा घोडा, खेचर, गाढव यांचा जिवाणूजन्य रोग आहे. नाकातून घट्ट स्राव येतो, कातडीखाली गाठी येऊन फुटतात आणि तो माणसालाही होतो. लस नाही. घोडा बाधित निघाला तर उपचार करू देत नाहीत, त्याला दयामरण देतात. २००९ च्या कायद्यानुसार रोगाची खबर देणं बंधनकारक आहे. आमच्या शेजारच्या वस्तीवर वरातीचे दोन घोडे आहेत, त्यामुळे गाडीवाल्याने मागितला नसता तरी मी ही तपासणी केलीच असती.

तपासणी तशी सोपी. मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, त्यातला सीरम वेगळा करायचा, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे एलायझा नावाची रक्तचाचणी करतात. या रोगासाठी देशाची संदर्भ प्रयोगशाळा म्हणजे हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. मला धास्ती होती ती हिसारच्या अंतराची. नमुना तालुक्याच्या दवाखान्यातून बाहेरच पडणार नाही, हे मनातही आलं नव्हतं.

दवाखान्यात तपासणीसाठी भरायचा अर्ज गाई-म्हशींचा होता. त्यात ‘दररोजचे दूध (लिटर)’ असा रकाना होता, तिथे मी आडवी रेघ मारली आणि तेवढ्यावर निभावलं. पण सगळ्यात वर ‘बिल्ला क्रमांक’ होता, बारा आकडी. जनावराच्या कानात तो पिवळा बिल्ला असतो ना, त्यावरचा. मी सांगितलं, “साहेब, घोड्याला बिल्ला मारत नाहीत. हिच्या मानेत कातडीखाली चिप आहे, हा घ्या नंबर.” चिपचा नंबर पंधरा आकडी. संगणकात बारा आकडे मावले आणि पुढचे तीन बाहेर राहिले. “ताई, तीन आकडे जास्त होतायत,” असं त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं, की जणू ते मीच घरून वाढवून आणले होते.

मग रोजचं एक कारण. डॉक्टर लंपीच्या लसीकरणाला गेलेत. डॉक्टर आलेत, पण नमुन्यांचा डबा गेलाय. डबा आलाय, पण नोंद झाल्याशिवाय रक्त घेता येत नाही, आणि बिल्ल्याशिवाय नोंद होत नाही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: “असं करा, एक बिल्ला मारून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे.”

मारवाडी घोडी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना कळेल, मला काय झालं असेल. दोन्ही कान आत वळून टोकाला टोक भिडतं, ती या जातीची सगळी शान. बाजारात व्यापारी आधी कान बघतो, मग पाय. त्या कानाला भोक पाडून पिवळं प्लॅस्टिक अडकवायचं, कशासाठी, तर संगणकातला एक रकाना भरावा म्हणून! मी नाही म्हणाले. जरा मोठ्याने म्हणाले. रांगेतल्या एका आजोबांनी शेळीची दोरी आवळून धरली.

इकडे दोन्हीकडून पैसे जात होते. क्लबला नोटीस दिली होती, घोडीचं ठाण दुसऱ्या कुणाला ठरलेलं, म्हणून तिला मागच्या पत्र्याखाली रोजभाड्याने ठेवलं. शेतावर मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, पगारावर रुजू झालेला. मोतद्दार होता, घोडी नव्हती. तो दिवसभर नव्या शेडच्या दाराला तेल घालायचा. तेव्हा पहिला सल्ला हाच: अहवाल हातात येईपर्यंत क्लबला नोटीस देऊ नका, माणूसही नेमू नका. क्लब बारा महिने जे पैसे घेतो त्यात घोड्याचे कागद सांभाळणंही आलं, ते बाहेर पडताना कळतं.

गाठ सुटली ती एका तरुण पशुधन विकास अधिकारी मॅडममुळे. त्या दुसऱ्या तालुक्यातून काही दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला, चिपचं मूळ प्रमाणपत्र मागितलं, चिप वाचायचा रीडर आहे का विचारलं. दवाखान्यात नव्हता. मी क्लबातून मागून आणला होता. क्लबात येऊन त्यांनी घोडीच्या मानेवर डाव्या बाजूला रीडर फिरवला, नंबर जुळवला, ‘शेरा’ या रकान्यात हाताने पंधराही आकडे लिहिले, सही-शिक्का मारला आणि तिथेच रक्त घेतलं. बिल्ल्याचा रकाना? “घोड्याला लागू नाही,” एवढंच लिहिलं. तीन शब्द! मला हसावं की भांडावं कळेना. शेवटी त्यांना चहा पाजला. अहवाल निगेटिव्ह आला, प्रवासाचा दाखलाही त्यांनीच दिला.

म्हणून, जाताना चिपचं मूळ प्रमाणपत्र, त्याच्या प्रती आणि घोड्याचे दोन्ही बाजूंनी व समोरून काढलेले फोटो बरोबर ठेवा. रीडर कुणाकडून तरी मागून न्या. आणि खिडकीशी वाद घालत बसू नका, पहिल्याच दिवशी थेट डॉक्टरांची वेळ मागा.

घोडी घरी आल्यावरचं थोडं. पोट सांभाळा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की जिवावर बेततं. क्लबातलीच चंदी आणि गवत आठ-दहा दिवसांचं विकत घेऊन या आणि नवा चारा त्यात रोज थोडा थोडा वाढवा. आमच्याकडे हिरवा लसूणघास भरपूर, तो पाहून सगळ्यांना घोडीची दया येते आणि जो तो पेंढी टाकतो. मी शेडवर पाटी लावली आहे. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज लागतं. धनुर्वाताची लस चुकवू नका, शेतात खिळे-तारा असतातच.

गावात बैलांना पत्र्या मारणारे भेटतात, पण घोड्याची नाल हे वेगळं काम. आमचा नालबंद रेसकोर्सवरचा. पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, तेव्हा तो जवळ असतो. नोव्हेंबरपासून मुंबईचा हंगाम, मग दर सहा आठवड्यांनी त्याची तारीख मिळवणं हे माझं काम. हे पूर्वी क्लबचा मॅनेजर करायचा आणि मला त्याची फी जास्त वाटायची.

घोडी एकटी राहत नाही, हेही लक्षात घ्या. पहिल्या रात्री ती सतत खिंकाळत होती, शेजारच्या वस्तीवरून उत्तरं येत होती. आता तिच्याबरोबर एक शेळी बांधतो, त्यावर ती समाधानी दिसते.

पैशाचं विचाराल तर मोतद्दाराचे १४ हजार, चारा-चंदीचे दहाच्या आसपास, वर नाल-डॉक्टर. क्लबापेक्षा जास्तच. स्वस्त पडेल म्हणून कुणी घोडा घरी आणत असेल तर आणू नये. ज्यांच्या घरात रात्री दोनला उठून शेडपर्यंत जाणारं कुणी नाही, त्यांनी तर लिव्हरीच धरावी. मला जायला आवडतं, म्हणून मला परवडतं. सासूबाई म्हणतात, सून आमच्यासाठी कधी इतक्या रात्री उठली नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.