भागाकार, मोड आणि उरलेले नऊ आंबे

रत्नागिरी जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मी चौथी-पाचवीला गणित शिकवते, आणि दरवर्षी भागाकाराचा धडा सुरू झाला की वर्गावर मरगळ पसरते. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार मुले उजवीकडून डावीकडे करत आलेली असतात. भागाकार मात्र डावीकडून सुरू होतो, त्यात पाढे लागतात, वजाबाकी लागते, अंदाज लागतो, आणि एक पायरी चुकली की खालचे सगळेच चुकत जाते. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलांच्या अंकगणिताची सर्वांत वरची पायरी म्हणून तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण ठेवलेले असते, ते उगाच नव्हे.

‘भाग लाव, गुण, वजा कर, पुढचा अंक खाली घे’ हा मंत्र मीही अनेक वर्षे घोकून घेतला. मुले तो बिनचूक म्हणत; परंतु अंक खाली का घ्यायचा, असे विचारले की वर्ग गप्प होई. हे कोडे सुटले ते बचत गटाच्या हिशेबाने. वर्गातील बऱ्याच मुलांच्या आया गटात आहेत, कोकमाचे आगळ आणि आंबापोळी करून विकतात, आणि महिन्याच्या शेवटी पैसे वाटले जाताना मुलांनी पाहिलेले असते. म्हणून मी खेळण्यातल्या नोटा आणि नाणी आणली, पाच मुलींना पुढे बसवले आणि ७३५ रुपये त्यांच्यात सारखे वाटायला सांगितले. शंभराच्या सात नोटा, दहाच्या तीन आणि रुपयाची पाच नाणी. प्रत्येकीला शंभराची एक नोट मिळाली आणि दोन उरल्या. आता काय करायचे, असे मी विचारण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, मोड आणायला पाहिजे.’

तो मोड म्हणजेच भागाकाराची सारी पद्धत होय. शंभराच्या दोन नोटांच्या दहाच्या वीस झाल्या, आधीच्या तीन त्यांत मिळवल्या की तेवीस; प्रत्येकीला चार देऊन तीन उरल्या. त्या तीन नोटांचे तीस रुपये आणि हातातले पाच मिळून पस्तीस, म्हणजे प्रत्येकीला सात. फळ्यावर भागाकार आला १४७. वहीत जो ३ आपण ‘खाली घेतो’, तो म्हणजे मोड करून आलेल्या वीस नोटांशेजारी ठेवलेल्या दहाच्या तीन नोटा, हे एकदा हाताने केले की मुले विसरत नाहीत. वाटप मोठ्या नोटेपासून सुरू होते, त्यामुळे भागाकार डावीकडून का करायचा, हा प्रश्नही तिथेच निकालात निघतो.

भागाकारातील शून्य हे दुसरे दुखणे. ८२४ ला ८ ने भागायला दिले की निम्मा वर्ग १३ असे उत्तर लिहितो. पूर्वी मी लाल शाईने मध्ये शून्य घालून वही परत करत असे, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा येई. नोटा घेऊन बसले की चित्र बदलते: दहाच्या नोटा दोनच आहेत आणि माणसे आठ आहेत, तेव्हा दहाची नोट कोणालाच मिळत नाही, म्हणून तिथे शून्य लिहायचे आणि दोन्ही नोटांचा मोड करायचा. आता कोणी १३ लिहिले की मी एवढेच विचारते, ‘आठ जणींना तेरा-तेरा रुपये दिले, म्हणजे एकशे चार झाले, मग उरलेले सातशे वीस कोणी खाल्ले?’ मूल हसते आणि स्वतःच खोडरबर शोधू लागते.

मात्र व्यवहाराची उदाहरणे खरी हवीत. सुरुवातीला मी भागाकार जुळावा म्हणून काहीही भाव लिहीत असे, आणि सत्त्याऐंशी रुपयांच्या पेन्सिलीवर वर्ग तासभर हसत राहिला. शिवाय बाजारातला हिशेब जमतो म्हणून वहीतला आपोआप जमेल, असेही नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध केला. विक्री करताना तोंडी हिशेब अचूक करणारी मुले शाळेच्या पद्धतीच्या कागदी उदाहरणांत अडखळतात आणि शाळेत शिकणारी मुले बाजाराच्या हिशेबात अडखळतात, असे त्यातून दिसले. म्हणून नोटांची प्रत्येक हालचाल झाली की लगेच फळ्यावर तेवढीच पायरी लिहायची, हा नियम मी पाळते. पाढ्यांना तर पर्याय नाहीच.

पाचवीत दोन अंकी भाजक येतो, आणि त्यासाठी आमच्याकडे हापूसच्या पेटीसारखे दुसरे साधन नाही. फळ मोठे असेल तर पेटीत चार डझन बसतात, लहान असेल तर पाच, सहा किंवा त्याहूनही अधिक. २,७४५ आंबे उतरले, चार डझनी पेट्या किती भरतील? २७४ मध्ये ४८ किती वेळा, यासाठी ४८ ला पन्नास समजून अंदाज घ्यायचा: पाच वेळा, २४० गेले, ३४ उरले, वरचा ५ घेऊन ३४५. इथे पन्नासचा अंदाज फसवतो, कारण तो सहा सांगतो. सहा पेट्या भरल्या की २८८ आंबे जातात आणि ५७ उरतात. बाकी भाजकापेक्षा लहानच हवी, हा नियम तेव्हा सांगावाच लागत नाही. ‘बाई, अजून एक पेटी भरतेय की!’ असे बागायतदाराचा मुलगा सांगतो. सात पेट्या, ३३६ आंबे, बाकी ९. भागाकार ५७.

तोच माल पाच डझनी पेट्यांत भरला तर भाजक ६० होतो, भागाकार ४५ आणि बाकीही ४५ येते, आणि दोन्ही संख्या सारख्या आल्याने काही चुकले असावे, या शंकेने अर्ध्या वर्गाने बरोबर आलेले उत्तर खोडून टाकले. मग ६० गुणिले ४५ अधिक ४५ असा ताळा करून दाखवावा लागला.

बाकीचे काय करायचे, हे पुस्तक सहसा विचारत नाही. धंद्यात तोच खरा प्रश्न असतो. ५०० अंडी तीसच्या ट्रेमध्ये भरली तर १६ ट्रे भरतात आणि २० अंडी उरतात. भरलेले ट्रे विकायचे असतील तर उत्तर १६, पण सगळी अंडी न्यायची असतील तर ट्रे १७ लागतात. केळी पन्नास रुपये डझन असतील तर एक केळे चार रुपयांना पडते आणि दोन रुपये बाकी राहतात, म्हणून सुट्टे केळे मागितले की फळवाला पाच रुपये सांगतो.

आंब्याच्या उदाहरणाखाली मी मुद्दाम प्रश्न घातला होता: उरलेल्या आंब्यांचे काय कराल? कोणी ते सुटे विकणार होते, कोणी पुढच्या तोडीत मिसळणार होते. एका मुलाने लिहिले होते, ‘पेट्या ५७ वाशीला, बाकी ९ आजीला, कारण तिला पिकलेलेच चालतात.’ ताळा त्याने केला नव्हता, म्हणून अर्धा गुण कापला.