नऊ महिन्यांत तिसरा टर्बो

मेलबर्नला डँडेनाँगमधल्या वर्कशॉपात मला आता सहा वर्षं झाली, त्याआधी कोल्हापुरात उद्यमनगरला एका मिस्त्रींच्या हाताखाली इंजिनं उघडायला शिकलो. इथं आल्यापासून सगळ्यात जास्त कुठलं इंजिन हाताखालून गेलं असं विचाराल तर फोर्डच्या फाल्कन गाडीचं 'बारा' (Barra) नावाचं इंजिन. चार लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह, ओतीव लोखंडाचा ब्लॉक. बारामंडी नावाच्या माशावरून नाव पडलंय त्याचं. इंजिन जिलाँगला बनायचं आणि गाडी ब्रॉडमेडोजला, ऑक्टोबर २०१६ मधे ते सगळं बंद झालं पण इथल्या लोकांचा त्याच्यावरचा जीव काय कमी झाला नाही, आणि माझाही बसलाय. २००२ ला फाल्कनची एक्सआर६ टर्बो आली, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरानं फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा टर्बो लावलेली, तेव्हा कंपनीतूनच २४० किलोवॅट आणि ४५० न्यूटन मीटर टॉर्क होता, त्यात थोडं काम केलं की आतल्या कनेक्टिंग रॉडला हात न लावता चाकांवर ३०० किलोवॅट मिळतात.

तशीच एक २००४ ची गाडी जुलैतल्या थंडीत टो ट्रकवरून आली. गाडीचा मालक टाइल्स बसवायचं काम करतो, तरुण पोरगा, ट्रकमधून उतरला तेच हातात नव्या टर्बोचा खोका घेऊन. नऊ महिन्यांत दोन टर्बो गेले होते, हा तिसरा स्वतः विकत घेऊन आलेला. म्हणाला फक्त बसवून द्या, बाकी सगळं ठीक आहे. गाडीत व्हॉल्व्ह स्प्रिंग, मोठे इंजेक्टर, फ्युएल पंप, इंटरकूलर, एक्झॉस्ट सगळं केलेलं, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, चौदा पीएसआयच्या आसपास, आणि ऑइल पंपाचे बिलेट गिअर, म्हणजे अख्ख्या स्टीलमधून कोरलेले, पण टाकलेले. हे गिअर शहाणी माणसं टाकतातच, कारण बूस्ट वाढवून गाडी सारखी लिमिटरवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, आदळली तर पंपाचे मूळचे गिअर फुटू शकतात आणि मग तेलच थांबतं.

मी जुना टर्बो उतरवला, नटाला चिमटीत धरून शाफ्ट हलवला तर तो लटलटत होता, कंप्रेसरची पाती हाउसिंगला घासून एका बाजूनं चमकत होती. शाफ्ट निळा पडलेला. निळा रंग म्हणजे तापलाय, आणि तापलाय म्हणजे तेल मिळालं नाही, मिनिटाला लाखाच्या वर फिरणाऱ्या शाफ्टला दुसरा आधारच नसतो. आमचा वर्कशॉपचा मालक म्हणाला गिऱ्हाईक सांगतंय बसवा तर बसव आणि बिल कर. मी म्हणलं मला संध्याकाळपर्यंत वेळ दे, हा टर्बो पण मेला तर त्या पोराचे पैसे कोण भरून देणार. तो काही बोलला नाही, मान हलवून ऑफिसात गेला.

ऑइल प्रेशर गेज लावून बघितलं, गरम इंजिनला बरोबर. कुठं काही सापडेना. इथं दुपारचे तीन म्हणजे तिकडं सकाळचे साडेदहा, मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, तिसऱ्यांदा टर्बो आलाय एका गाडीचा."

"प्रेशर बघितलास?"

"बघितलं, चांगलं आहे."

"असंल रे. टाकीत पाणी हाय म्हणून शेवटच्या नळाला येतंय असं थोडंच हाय? शाफ्टापतूर तेल पोचतंय काय त्ये बघ."

टर्बोला तेल नेणारी लाइन बाहेरून घेतलेली ब्रेडेड होती. तिचं टर्बोकडचं टोक रिकाम्या पाण्याच्या बाटलीत घातलं, टर्बोला पाणी नेणाऱ्या आणि तेल परत आणणाऱ्या जागा बंद केल्या, इंजिन चालू होऊ नये म्हणून इंजेक्टरचे कनेक्टर काढले, कॉइल काढल्या आणि नुसता स्टार्टर मारला. बाटलीत थेंब. एक, मग जरा थांबून दुसरा. बारीक का होईना पण सलग धार पडायला पाहिजे तिथं थेंब.

लाइन ब्लॉकला जिथं जोडलेली होती तिथला बांजो बोल्ट, म्हणजे तेल जायला आतून पोकळ असलेला बोल्ट, सोडवला. त्याच्या आत बारीक जाळीचा फिल्टर होता, माझ्या करंगळीच्या नखाएवढा, आणि त्यावर काळपट राखाडी रंगाचा रबरासारखा थर. चिमट्यानं ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, जाळीचा छाप उमटलेला त्याच्यावर. सिलिकोन सीलंट. तांब्याचे नवीन वॉशर टाकायचे सोडून जुन्याच वॉशरला कुणीतरी सिलिकोन फासलं होतं. गाडीच्या मालकाला विचारलं तर कळलं की ऑइल पंपाचे गिअर टाकताना ही लाइन पूर्ण काढली होती, आणि त्यानंतर टर्बो बदलला तो फक्त टर्बोकडचं टोक सोडवून. ब्लॉककडचं टोक कुणी उघडलंच नाही. म्हणजे इंजिन वाचवायला जे काम केलं त्याच कामात टर्बोचा गळा आवळला गेला. मला त्या क्षणी खरंच राग आला, चाळीस सेंट किमतीचा वॉशर असतो तो.

तेवढ्यावर थांबणं पटेना. लाइनवर सिलिकोन फासणारा माणूस संपावर, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यावर, कशाला हात आखडेल, म्हणून दुसऱ्या दिवशी इंजिनाखालचा के-फ्रेम नावाचा सांगाडा खाली घेऊन संप उतरवला. कडेनं आतल्या बाजूला सिलिकोनचा जाड ओघळ, आणि तेल ओढणाऱ्या पाइपाच्या जाळीवर तिसऱ्या हिश्श्याला त्याचेच धागे. पूर्ण बुजली नव्हती म्हणून आयडलला प्रेशर दिसत होतं. मग दोन टोकांच्या सिलिंडरच्या बिग एंडच्या, म्हणजे रॉड क्रँकला जिथं जोडतात तिथल्या, टोप्या उघडल्या, आतली बेअरिंगची शेल हातावर घेऊन आडवं नख फिरवलं, बारीक रेघा होत्या पण नख अडलं नाही, तांबं दिसत नव्हतं. तरी उघडलंच आहे तर सहाही रॉडचे शेल आणि बोल्ट नवीन टाकले, गाडीच्या मालकाला विचारून, खर्च सांगून. पोरगा शेल बघत बराच वेळ उभा होता, मग म्हणाला करा.

नवीन टर्बो बसवायच्या आधी त्याच्या तेलाच्या भोकात पिचकारीनं तेल सोडून शाफ्ट बोटानं हळूहळू फिरवला, खालून तेल बाहेर येईपर्यंत. परत बाटली लावली, स्टार्टर मारला, आणि धार पडली, सोनेरी, सलग. आमचा मालक पण येऊन बघून गेला. मग लाइन जोडून, प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारून इंजिन चालू केलं, दहा मिनिटं आयडलला ठेवलं, धूर नाही, शिट्टी नाही, फक्त त्या सहा सिलिंडरचा भरीव आवाज.

बूस्ट पहिले हजार किलोमीटर सहावरच ठेवायला लावला. पाचशेला गाडी आली तेव्हा ऑइल फिल्टर कापून कागद उलगडला तर दोन धागे सापडले, मिलिमीटरभर लांबीचे. हजारला परत कापला, कागद स्वच्छ. लाइनची जाळी पण उघडली, स्वच्छ. तांब्याचे वॉशर दोन्ही वेळा नवीन टाकले, आणि मग बूस्ट चौदावर नेला.