आमची वाटचाल : परत आलेल्या ४०० पिना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भाड्याच्या गाळ्यात, एका जुन्या लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर, आम्ही सुरुवात केली. लेथ हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा, सेकंडहँड. मी टर्नर, मामा फिटर. मामा माझ्या नात्यातले नव्हेत, पण अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. पैसे माझे, हात त्यांचे, नफा निम्मा-निम्मा. कामं मिळत गेली, शिरोलीत स्वतःची शेड झाली.

शिरोलीतल्या पहिल्याच पावसाळ्यात एका मोठ्या कंपनीने ४०० पिनांचा, म्हणजे धातूच्या गोल दांड्यांचा, लॉट परत पाठवला. ६० मिलिमीटर व्यासाच्या पिना, २०० मिलिमीटर लांबीत २० मायक्रॉन टेपर, म्हणजे एक टोक दुसऱ्यापेक्षा तेवढं जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सोबतच्या पत्रात शेरा होता, 'ऑपरेटर अकुशल.' तो ऑपरेटर मी होतो! त्याच आठवड्यात आमच्या जुन्या गल्लीतला एक जण त्या कंपनीत जाऊन सांगून आला, "त्यांचं मशीन भंगार झालंय, काम मला द्या." काम त्याला मिळालं. त्याला टूल घासायला मीच शिकवलं होतं. हे मी आजही विसरलेलो नाही.

घाबरून मी बँकेचा हप्ता थकवला आणि स्पिंडलची, म्हणजे पिना पकडणारा चक फिरवणाऱ्या दांड्याची, बेअरिंगं बदलली. टेपर तसाच. मग टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग, सरकवायला निघालो, तेव्हा मामांनी हात धरला. "पिना तू चकमध्ये धरून काढतोस. टेलस्टॉकचा आधारच नाही, मग त्याचा दोष कसा?"

त्यांनी ६० चा बार चकमध्ये धरला, २०० बाहेर ठेवला. मधला भाग उतरवून दोन्ही टोकांना एक-एक कॉलर (जाड कडं) राखली. टूलला नवी धार लावली आणि दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगने अगदी हलका कट घेतला. जाड कट घेतला तर बारच लवतो आणि मशीनचा दोष कळत नाही. मायक्रोमीटर लावला, तर बाहेरची कॉलर १८ मायक्रॉन जाड. मग उसनी आणलेली लेव्हल (एका रेघेला मीटरमागे ०.०२ मिलिमीटर उतार दाखवणारी) बेडवर, म्हणजे लेथच्या लोखंडी पाठीवर, आडवी ठेवली. हेडस्टॉकजवळ, म्हणजे चकच्या बाजूला, बुडबुडा मधोमध. टेलस्टॉकच्या बाजूला नेली, तर बुडबुडा थेट काठाला जाऊन चिकटला. नवं काँक्रीट एका कोपऱ्यात खचलं होतं आणि बेडला पीळ पडला होता. मशीन भंगार नव्हतं, आणि माझा हातही.

पायाखाली पत्र्याचं पॅकिंग, बोल्टला पाव आटा, पुन्हा लेव्हल, पुन्हा कॉलर. रात्री अडीच वाजता दोन्ही कॉलर २ मायक्रॉनच्या आत आल्या. मामा तिथेच पोत्यावर झोपले.

त्या महिन्यात आम्ही तगलो ते इचलकरंजीच्या शेठजींमुळे. यंत्रमागाचे सुटे भाग पुरवणारा साधा माणूस. रिजेक्शनची बातमी त्यांच्यापर्यंत पोचवणारे पोचवून आले होते. ते स्वतः शेडवर आले, म्हणाले, "तुझ्या शाफ्टवर माझा एकही बुश आजवर अडकलेला नाही," आणि निम्मी रक्कम आगाऊ ठेवून गेले. थकलेला हप्ता त्यातूनच भरला. पुढे महापूर आला, लॉकडाउन आला, त्यांची ऑर्डर चुकली नाही.

नव्या पोरांना सांगतो, टेपर दिसला की आधी लेव्हल लावा, मशीन उघडायचं नंतर बघा. फिनिशचंही तेच. टूलचं टोक आणि जॉब (कापायचा तुकडा) यांच्यात स्टीलपट्टी हलकेच दाबून बघा. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्याच्या उंचीला, आहे, वरचं टोक तुमच्याकडे कललं तर टूल खाली. टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडची जीब (तिचा सैलपणा काढणारी पट्टी) ढिली असेल तर चॅटर, म्हणजे थरथरीच्या खुणा, येणारच. माइल्ड स्टील कमी स्पीडवर काढलं की धारेवर धातू चिकटतो आणि जॉब ओरबाडल्यासारखा दिसतो. नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) ०.४ मिलिमीटर असेल तर ०.२ फीडला (एका फेऱ्यात टूल तेवढे मिलिमीटर पुढे सरकतं) हिशेबाने साडेबारा मायक्रॉनच्या आसपास डोंगर उठतात, फीड ०.१ केला की तीनच्या आसपास. पॉलिश पेपर घासून हे झाकू नका, मापात मार खाल.

मामा आता नाहीत. त्यांनी नंतर विकत आणलेली लेव्हल लाकडी पेटीत माझ्या टेबलावर असते. पावसाळा संपला की खंडेनवमीला मशीनला हार घालण्याआधी ती बेडवर ठेवतो. यंदा टेलस्टॉकच्या बाजूला बुडबुडा एक रेघ सरकलेला होता. बोल्ट पाव आटा फिरवला, मग हार घातला.